काठ राखून

आयसिंगची रेघ ओली असते तोवरच तिचं फूल होऊ शकतं. सुकली की ती नुसती रेघ. केकवर ब्रश एम्ब्रॉयडरी करायची म्हणजे या एवढ्याशा अवधीत काम उरकायचं. कोनाने पाकळीची कड काढायची आणि ती सुकायच्या आत दमट ब्रशने तिची आतली बाजू फुलाच्या मध्याकडे ओढून घ्यायची. बाहेरची बाजू जशीच्या तशी, उठून राहते. आत येत येत आयसिंग पातळ होत जातं आणि शेवटी नाहीसंच होतं. तिथे खालच्या केकचा रंग दिसायला लागतो. दुरून बघितलं तर कुणी कापडावर पांढऱ्या रेशमाने फूल भरलंय असं वाटतं. जवळ गेलं की ब्रशच्या केसांनी पाडलेल्या बारीक रेषा दिसतात, एकीला एक लागून, सगळ्या देठाकडे निघालेल्या.

मी हे काम नाशकातच शिकले. केकचे क्लास आपल्याकडे आता गल्लोगल्ली आहेत. इंदिरानगर, सिडको, महात्मानगर, नाशिकरोड, कुठेही जा, ‘दोन दिवसांत आठ प्रकारचे केक’ असा बोर्ड दिसतोच. तिथे शिकून कित्येक बायकांनी स्वतःचा व्यवसाय उभा केलाय, त्यामुळे त्या क्लासेसना नावं ठेवायचं मला काही कारण नाही. पण मला जे हवं होतं ते तिथे शिकवत नव्हते. गंगापूर रोडवर एक ताई घरच्या घरी चार-पाच जणींनाच शिकवतात असं कळलं. त्यांच्याकडचा पहिला दिवस मला चांगला लक्षात आहे, कारण त्या दिवशी साखरेचा कणही टेबलावर नव्हता.

टेबलावर होती पाण्याची वाटी, टिश्यूची घडी आणि प्रत्येकीपुढे एक चपटा ब्रश. ब्रश पाण्यात बुडवायचा, वाटीच्या काठावर निथळायचा, टिश्यूवर एका बाजूने टेकवायचा, मग दुसऱ्या बाजूने. आणि मग स्वतःच्या हाताच्या पाठीवरून ओढायचा. कातडीवर पाणी चमकलं तर ब्रश जास्त ओला. काहीच जाणवलं नाही तर कोरडा. ताई म्हणाल्या, “हाताला गार लागलं पाहिजे, पण हात पुसावासा वाटता कामा नये.” सगळी दुपार आम्ही तेवढंच केलं. घरी येताना वाटलं, आजचे पैसे पाण्याचे गेले का काय. पुढे आयसिंग हातात आलं तेव्हा कळलं की या कामात शिकवण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं त्या दुपारी शिकवून झालं होतं. ब्रशमध्ये पाणी जास्त झालं की साखर विरघळते, पाकळीच्या आतल्या भागात दुधाळ डबकं साठतं आणि रेषा बुजून जातात. पाणी कमी पडलं की ब्रश आयसिंगला ओढत नाही, ओरबाडतो. पाकळी फाटल्यासारखी दिसते. या दोन्हींच्या मधली जी जागा आहे ती ग्रॅममध्ये किंवा मिलिलिटरमध्ये सांगता येत नाही. ती हाताच्या पाठीलाच कळते.

आता आयसिंगबद्दल. यासाठी लागतं ते रॉयल आयसिंग. साधारण अर्धा किलो आयसिंग शुगर, दोन-तीन अंड्यांचा पांढरा भाग आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब, एवढाच त्याचा संसार. वाळल्यावर ते कडक आणि पांढरंशुभ्र होतं. या ‘रॉयल’ नावाचा संबंध व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाच्या केकशी जोडतात. ते लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झालं आणि तो केक सुमारे ३०० पौंडांचा होता. म्हणजे जवळजवळ १३५ किलो. त्या काळी साखर जितकी पांढरी तितकी महाग, त्यामुळे केकचा पांढरेपणा ही श्रीमंती मिरवायची गोष्ट होती. आज तीच साखर रविवार कारंज्यावरून पिशवीत घालून आणता येते, आणि पांढरेपणापेक्षा तिचा बारीकपणा जास्त मोलाचा ठरतो. ब्रश एम्ब्रॉयडरीला एक किंवा दोन नंबरचं नोझल लागतं. त्याचं तोंड इतकं बारीक की साखरेचा एक खडा अडकला तरी रेघ तुटते. आयसिंग शुगर चाळणीने चाळून भागत नाही. मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यावी लागते. फडकं हलवताना ओट्यावर, केसांवर, चष्म्यावर पांढरा थर बसतो. बसू द्यावा. हे काम घाईने केलं तर पुढे दर पाकळीला सुई घेऊन नोझल मोकळं करत बसावं लागतं.

रॉयल आयसिंगचा खरा वैरी म्हणजे स्निग्धता. भांड्याला तुपाचं बोट फिरलेलं असेल तरी अंड्याचा पांढरा भाग नीट फुलत नाही आणि आयसिंग धड वाळत नाही. आपल्या स्वयंपाकघरात तुपाचा हात न लागलेलं भांडं मिळणं हेच अवघड. प्लास्टिकचं भांडं तर नकोच. ते कितीही घासलं तरी तेलकटपणा धरून ठेवतं. स्टीलचं पातेलं लिंबाच्या फोडीने आतून चोळून, धुऊन, पूर्ण कोरडं करून घ्यायचं. फेटायचं तेही हळू. मिक्सर जोरात फिरवला की हवा भरते, रेघेत बुडबुडे येतात, आणि ब्रशने ओढताना बुडबुडा फुटून नेमकं पाकळीच्या मध्यावर भोक पडतं. आयसिंग झाल्याबरोबर त्यावर ओलं फडकं टाकून ठेवायचं, कारण उघड्यावर ते लगेच पापुद्रा धरतं. आणि ब्रशसाठी काढून घेतलेल्या आयसिंगमध्ये थोडी पायपिंग जेल (केकच्या सजावटीसाठी मिळणारी पारदर्शक गोड जेल) मिसळायची, पाव कपाला चमचाभर. त्यामुळे सुकण्याचा वेग मंदावतो, रेघ काढून ब्रश हातात घेईपर्यंतची सवड मिळते.

अंड्याचा प्रश्न इथे येतोच. आपल्याकडे एगलेस केकच्या ऑर्डरी भरपूर येतात आणि श्रावणात तर विचारूच नका. बाजारात अंडं नसलेली तयार पावडर मिळते, पण माझा कल काबुली चण्याच्या पाण्याकडे आहे. छोले शिजवल्यावर उरणारं ते दाट पाणी अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं फुलतं, हे २०१४च्या सुमारास फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी करून दाखवलं. ते व्यवसायाने गायक. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी त्याला ‘अ‍ॅक्वाफाबा’ असं नाव दिलं. मीठ न घालता चणे शिजवायचे आणि पाणी जरा आटवून घ्यायचं. आयसिंग वाळल्यावर चण्याचा वास राहत नाही. जैन घरातल्या मुलीचा वाढदिवस असो नाहीतर कुणाचा श्रावण, मला निर्धास्तपणे फूल काढता येतं. ही केवढी मोठी सोय झाली आहे, हे केक करणाऱ्यालाच कळेल.

आता पाकळी. एकच पाकळी, सावकाश सांगते.

केकवर फाँडंट, म्हणजे साखरेच्या मऊ लगद्याची लाटलेली पोळी, चढवून तो एक दिवस तसाच ठेवलेला आहे, वरचा थर बोटाला चिकटत नाही एवढा कोरडा झालाय. फुलाची आकृती आधीच उमटवून घेतली आहे. फाँडंट मऊ असतानाच बिस्किटाचा साचा हलका दाबून, किंवा कागदावरचं चित्र टाचणीने ठिपके ठिपके टोचून. कोन हातात धरायचा. आपल्याकडच्या मुलींना हे शिकवावं लागत नाही, मेंदीच्या कोनाने ते आधीच शिकवलेलं असतं. पाकळीच्या बाहेरच्या कडेवरून आयसिंगची रेघ न्यायची. नोझल केकला टेकवायचं नाही, जरासं वर उचलून आयसिंगला आपल्या वजनाने खाली बसू द्यायचं. पाकळी मोठी असेल तर पहिल्या रेघेला आतून चिकटून दुसरी रेघ, म्हणजे ओढायला माल पुरेसा राहतो. कोन खाली. ब्रश उचलायचा, टिश्यूवर टेकवायचा. ब्रश ठेवायचा तो रेघेच्या बाहेर नाही, रेघेच्या डोक्यावरही नाही. रेघेच्या मध्यापासून किंचित आतल्या अंगाला. तिथून बुंध्यापर्यंत एकच ओढ. मध्ये थांबायचं नाही, परत जायचं नाही. ब्रश पुसायचा. शेजारची ओढ. ब्रश पुसायचा. शेजारची ओढ. कडेला असलेली ओढ तिरकी येते, मधली सरळ, पण सगळ्या एकाच जागी पोहोचतात.

ताईंचं एक वाक्य तिथे सारखं कानावर यायचं: “काठ राखा.” ब्रश जरा बाहेर पडला की बाहेरची कड सपाट होते, आणि कड गेली की पाकळी गेली. सावली पडते ती त्या उठून राहिलेल्या कडेची. फुलाला जो उठाव येतो तो सगळा तिथूनच येतो. बाकीचं आयसिंग आपण पुसतच असतो. मला या कामाची जी ओढ लागली ती इथे. केकच्या सजावटीत सहसा भर घालायची असते: थरावर थर, गुलाबावर गुलाब, वर सोनेरी मणी. इथे एक रेघ घालायची आणि मग ती कमी कमी करत जायची. जिथे काहीच उरत नाही तिथे फुलाचा गाभा असतो.

एका वेळी एकच पाकळी, कारण दुसरीची कड काढून ठेवली तर पहिली ओढून होईपर्यंत ती सुकलेली असते. त्यातून नाशिकची हवा. एप्रिल-मे महिन्यात इथे हवा इतकी कोरडी होते की रेघ टाकून ब्रशकडे हात नेईपर्यंत वर पापुद्रा आलेला असतो. पंखा लावायची सोय नाही. दारं-खिडक्या लावून, घाम पुसत, रेघ अर्ध्या पाकळीचीच काढायची. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं. त्र्यंबककडून पावसाची सर चढून येते आणि दिवसच्या दिवस भिंतीसुद्धा दमट लागतात. तेव्हा आयसिंग वाळायचं नाव घेत नाही. पाकळी सुरेख ओढली जाते, पण तिच्यावर दुसरी चढवायची तर थांबून राहावं लागतं. फाँडंट हवेतला ओलावा ओढून चिकट होतं. असा केक फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढला की त्याला घाम फुटतो आणि सगळी नक्षी पाझरते. म्हणून आत क्रीम भरायचं नाही, गनाश, म्हणजे चॉकलेटचं दाट सारण, भरायचं, म्हणजे केक बाहेर राहू शकतो. या कामाला खरा चांगला काळ म्हणजे दिवाळीनंतरचा. निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की मी मोठ्या ऑर्डरी घेते. थंड, कोरडी, पण भाजून न काढणारी हवा. बोटं सकाळी आखडतात एवढाच त्रास.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, सुरुवातीला या सगळ्याकडे लांबूनच बघायच्या. एका संध्याकाळी मी जुन्या फोटोफ्रेमची काच घेऊन, खाली चित्राचा कागद ठेवून, तिच्यावर सराव करत होते. काचेवर सराव बरा पडतो. पुसलं की झालं, पुन्हा सुरुवात. आई भाजी निवडता निवडता उठून आल्या, काच डोळ्यांशी नेली आणि म्हणाल्या, “हा लांब-आखूड टाका आहे. तू सगळे टाके एका मापाचे का घेतेस?”

मला वाटत होतं की ओढ सारखी असावी. आईंनी कपाटातून अभ्रे काढले. त्यांच्या लग्नाआधी भरलेले, दोसुती कापडाचे, कोपऱ्यात गुलाबाचा घोस. त्यातला एक खिडकीपाशी नेऊन त्यांनी नखाने एकेक टाका दाखवला. पाकळीच्या कडेला टाके एकमेकांना घट्ट लागून. कडेची रेषा एकदम नीट. पण आतल्या बाजूला एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. त्यामुळे पुढच्या फिक्या रंगाचा दोरा त्या खाचांमधून आत शिरतो आणि दोन रंगांमध्ये शीव दिसत नाही. दांडीसाठी देठाचा टाका, मध्ये गाठींचे टाके. मागची बाजूही त्यांनी उलटून दाखवली. मागे गाठ नाही, लोंबता दोरा नाही. “मागची बाजू बघायच्या आमच्या बाई आधी,” त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून माझा ब्रश बदलला. आता मी एक ओढ बुंध्यापर्यंत नेते, शेजारची निम्म्यावर सोडते, तिसरी पाऊण वाटेवर. पाकळीचा पातळ होत जाणारा भाग मग पट्टीसारखा एका रेषेत संपत नाही, विरत जातो. केकचं हे तंत्र भरतकामाचीच नक्कल करायला निघालंय, नावातच ते आहे. पण शिकताना आम्ही साखरेच्या मागे इतक्या लागलेलो असतो की मूळ कापड कुणी बघत नाही. घराघरांत कपाटाच्या तळाशी असे अभ्रे, टेबलक्लॉथ, रेडिओवर टाकायचे रुमाल पडून आहेत. ब्रश एम्ब्रॉयडरी शिकणाऱ्या प्रत्येकीने व्हिडिओ बघण्याआधी ते काढून भिंगाखाली धरावेत, असं मी मनापासून सांगेन. गाठीच्या टाक्याची तर थेट नकलच होते. फुलाच्या मध्यभागी नोझलने ठिपके द्यायचे, आणि ठिपक्याचं टोक वर राहिलं तर दमट ब्रशने हलकेच दाबायचं.

टाक्यांमागोमाग दिशा आली. दोरा कुठून कुठे जातो हे आई सांगत गेल्या आणि मी फुलं नव्याने बघायला लागले. सराफ बाजारातल्या फुलबाजारात सकाळी गेलं की मी आता हाराचे भाव विचारायच्या आधी एखादं फूल उलटं करून बघते. कोणती पाकळी आधी, कोणती नंतर, हे मागूनच नीट कळतं. ब्रश एम्ब्रॉयडरीचा नियम असा की सगळ्यात मागची पाकळी आधी काढायची, ती वाळली की तिच्यावर पुढची, आणि सगळ्यात पुढची शेवटी. गुलाबाला, शेवंतीला हा नियम चालतो. देवचाफ्यापाशी तो अडतो.

आमच्या सोसायटीच्या कुंपणाला देवचाफ्याचं झाड आहे. पाच पाकळ्या, पांढऱ्या, मध्ये पिवळ्या. म्हटलं, याच्याइतकं सोपं फूल नाही. कागदावर काढायला घेतलं आणि सुरुवात कुठून करायची तेच कळेना. चाफ्याची प्रत्येक पाकळी एका शेजारणीवर चढलेली आणि दुसरीच्या खाली गेलेली. पाचही जणी तशाच. म्हणजे सगळ्यात मागची अशी कुणी नाहीच. जास्वंद बघितली, तिथेही हीच गुंफण. ताईंना विचारलं तर त्यांनी आजवर चाफा काढलाच नव्हता. परदेशी पुस्तकांत असतात ती फुलं, पॅन्सी, डेझी, रानगुलाब, तीच त्यांनी शिकवली होती. मग आम्ही दोघी फूल मध्ये ठेवून बसलो.

उत्तर असं निघालं. कुठलीही एक पाकळी पहिली धरायची आणि ती पूर्ण काढायची. ती वाळली की दुसरी, पहिलीच्या एका कडेवर चढवून. तिसरी दुसरीवर, चौथी तिसरीवर. पाचवी चौथीवर चढते, पण दुसऱ्या अंगाने तिला पहिलीच्या खाली जायचं असतं. तिथे पाचवीची कड काढायचीच नाही. रेघ पहिलीच्या कडेपाशी आणून थांबवायची आणि ब्रशने तिथलं आयसिंग इतकं पातळ करायचं की ती आत सरकलीय असं वाटावं. शेवटी पहिलीच्या त्या कडेवर कोनाने पुन्हा एक बारीक रेघ, उठाव यावा म्हणून. झालं. फूल फिरतं. न काढलेल्या त्या एका कडेमुळे पाचही पाकळ्या एकमेकींत अडकतात. फाँडंट फिकट पिवळं घेतलं तर अजून एक गोष्ट आपोआप जमते: पांढरं आयसिंग मध्याकडे विरत जातं तसा खालचा पिवळा रंग वर येतो, आणि चाफ्याचा गाभा रंगवावा लागत नाही. हे काम हाताखालून उतरलं त्या दिवशी मला जो आनंद झाला तो कुठल्याही मोठ्या ऑर्डरीने झालेला नाही.

सगळीच आपली नक्षी या ब्रशला मानवते असं मात्र नाही. लग्नाच्या केकसाठी ‘पैठणी केक’ हवा असं बऱ्याच जणी म्हणतात. येवला आपल्याच जिल्ह्यातलं, नाशिकपासून ८०-८५ किलोमीटर, तेव्हा अभिमान असणारच. पण पैठणीवरचा मोर किंवा असावलीचा वेल विणलेला असतो, भरलेला नसतो. उभ्या-आडव्या धाग्यांच्या चौकटीत रंग बदलत जातो, म्हणून त्याच्या वळणांना बारीक पायऱ्या असतात आणि एक रंग दुसऱ्याला जिथे भिडतो तिथे शीव स्पष्ट असते. तेच तर तिचं सौंदर्य. ब्रश एम्ब्रॉयडरीत रंग विरघळत जातो. बांगडी मोर ब्रशने ओढला की तो धुक्यातला मोर होतो. शिवाय पैठणीचे रंग गडद: जांभळा, रामा, किरमिजी. गडद फाँडंटला दमट ब्रश लागला की खालचा रंग सुटतो आणि पांढऱ्यात उतरतो. युरोपात या कामासाठी फिक्या निळ्यावर पांढरं फार दिसतं, इंग्लंडच्या वेजवूड कंपनीच्या मातीच्या भांड्यांसारखं. त्यात डोळ्यांच्या सवयीइतकाच व्यवहारही असावा, असं मला काम करताना वाटतं. पैठणीचा मोर हवा असेल तर मी कोनाने नुसत्या रेघांनी काढून देते, ब्रश लावत नाही. नारळी काठ फाँडंटच्या पट्टीचा कापून लावते. तो जास्त खरा दिसतो.

जिल्ह्यातली एक गोष्ट मात्र या तंत्रासाठीच घडवल्यासारखी आहे. द्राक्षाचं पान. पिंपळगाव बसवंतकडच्या एका बागायतदार कुटुंबाला आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला केक हवा होता. घड सगळेच काढतात. गोळे करून चिकटवले की झालं. मी म्हटलं, पानं काढते, आधी बाग बघू द्या. ऑक्टोबर छाटणी होऊन गेली होती, नवी पानं पुरी वाढलेली, मंडपाखाली हिरवा उजेड. घरातल्या आजोबांनी एक पान खुडून हातात दिलं आणि देठाजवळ बोट ठेवलं. “ताई, पाचही शिरा इथून निघतात बघा. एकाच जागेवरून. हे चुकलं तर ते द्राक्षाचं पान राहत नाही.” मग त्यांनी पान उन्हाकडे धरलं. प्रत्येक मोठ्या शिरेतून बारीक शिरा तिरक्या फुटलेल्या आणि प्रत्येक बारीक शीर कडेच्या एकेका दाताशी जाऊन पोहोचलेली. मी इतकी वर्षं द्राक्षं खाल्ली, हे पाहिलं नव्हतं.

त्या पानाला ब्रश लावायचा तर पान पाच भागांत धरायचं. एका भागाची कड काढायची, दातेरी, हात किंचित थरथरवत. मग प्रत्येक दातातून त्या भागाच्या मधल्या शिरेकडे तिरकी ओढ. शिरेच्या एका बाजूने झालं की दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये शिरेपुरती फट सोडायची. ती फट म्हणजे खालचं फाँडंट. नंतर तिथे बारीक रेघ दिली तरी चालते. मी देत नाही, मला ती मोकळी शीर जास्त आवडते. फिक्या मोरपंखी रंगावर पांढरी पानं, वेलीचे ताणे, आणि घड एकच, बाजूला. केक कापायच्या आधी आजोबांनी आजींना हाक मारून पानाच्या देठाजवळची जागा दाखवली.

या कामाला वेळ लागतो, आणि तो वेळ मी पैशांत मोजून घेते. हे लिहायला मला संकोच वाटत नाही. फोनवर मागवला की तासाभरात दारात येणारा केक आज सगळीकडे मिळतो आणि त्याची गरजही आहे. पोराचा वाढदिवस ऐन वेळी आठवणारे आईबाप काय करतील? पण व्हीप क्रीमवर ब्रश एम्ब्रॉयडरी होत नाही. ते ओलं असतं, स्निग्ध असतं, त्याला फ्रिज लागतो. रॉयल आयसिंगला नको असलेल्या तिन्ही गोष्टी एका जागी. तेव्हा कुणी क्रीमच्या केकवर “तसलंच काहीतरी” मागितलं तर मी स्पष्ट नाही म्हणते. बटरक्रीमवर याचा एक भाऊबंद प्रकार होतो: थर गार करून घट्ट करायचा, त्याच बटरक्रीमची कड काढायची आणि ओढायची. थंडीत तो छान जमतो, मेमध्ये लोणी हातातच वितळतं. फाँडंट कुणी खात नाही, काढून ताटाच्या कडेला ठेवतात, हेही खरं. ठेवू देत. केक आत आहे.

“हे प्रिंट आहे ना?” हा प्रश्न मात्र मला लागतो. खाण्याच्या कागदावर छापलेली फुलं हल्ली इतकी हुबेहूब असतात की विचारणाऱ्याचाही दोष नाही. मी काही बोलत नाही, केक उजेडाकडे वळवते. बाजूने उजेड पडला की पाकळ्यांच्या कडांची सावली पडते. छापील फुलाला ती नसते. मग बोट पुढे येतं, कडेवरून फिरतं, आणि किमतीबद्दलचं बोलणं तिथे संपतं. आईंच्या अभ्र्यांना मात्र अशी किंमत कुणी विचारली नाही. ती सगळी ‘हौस’ होती. सहा-सहा महिने डोळे घातलेलं काम रुखवतात एक दिवस मांडलं जायचं आणि मग उशीला चढायचं. म्हणून माझ्या केकच्या हिशेबात आता चित्र आखून देण्याची रक्कम वेगळी असते, आणि ती आईंची असते. पहिल्यांदा त्यांनी पाकीट उघडून न बघता देव्हाऱ्यात ठेवलं. दुसऱ्या वेळी मोजून घेतलं. तिसऱ्या वेळी दर वाढवायला सांगितला. मी वाढवला.

सध्या टेबलावर गोकर्ण आहे. बारशाचा केक आहे, घरच्यांनी निळं फूल मागितलंय. मी म्हणते, पांढरं फाँडंट घेऊ आणि आयसिंग निळं. गोकर्णाच्या पाकळीत निळा रंग कडेला गडद आणि मध्यावर पांढरा होत जातो, म्हणजे ब्रश जे करतो तेच फुलाने आधी करून ठेवलंय. आईंचं म्हणणं, निळ्या कापडावर पांढरा दोरा जो खुलतो तो पांढऱ्यावर निळा खुलत नाही, आणि गोकर्ण पांढरीही असते. काचेवर दोन्ही काढून ठेवलीत. बाळाची आत्या उद्या बघायला येणार आहे.